एकगठ्ठा रन आणि तारखेचा घोळ: पार्श्वभूमी

ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाची एकेक फेरी म्हणजे रन. फेल झालेले दोनशे रन निवडायचे आणि एका आदेशात परत चालवायचे, ही आज साधी अपेक्षा वाटते. ती पुरी व्हायला इतका काळ का लागला, याचं कारण बटणं उशिरा आली एवढंच नाही. रन ओळखायचा कशावरून, हेच बरीच वर्षं ठरलं नव्हतं.

मेनफ्रेमच्या काळात ऑपरेटर कन्सोलवरून जॉब अडवून ठेवत, सोडत किंवा रद्द करत. मधल्या पायरीपासून पुन्हा सुरू करायची सोयही जॉब कार्डात, म्हणजे कामाच्या सूचनांच्या पहिल्या ओळीत, होती. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आदेश चालवणारा प्रोग्राम, सगळीकडे पोचलं. त्याच्या लेखी मात्र रन नावाची गोष्टच नव्हती. वेळ झाली की आदेश सुटायचा आणि क्रॉन तो विसरून जायचं. मशीन रात्री बंद राहिलं तर त्या रात्रीचं काम बुडालं, आणि बुडाल्याची नोंदही कुठे नसायची. पुढे बिल्ड सर्व्हर आले, म्हणजे कोडपासून प्रोग्राम आपोआप तयार करणारे; अशी एकेक फेरी म्हणजे बिल्ड. २०११ मध्ये जेनकिन्स हे नाव मिळालेल्या सर्व्हरमध्ये प्रत्येक बिल्डला चढता क्रमांक होता, इतिहास होता आणि जुने बिल्ड ठरावीक संख्येनंतर काढून टाकायची सोय होती. पण क्रमांक फक्त क्रम सांगतो. तो बिल्ड कोणत्या दिवसाच्या डेटासाठी चालला, हे त्यावरून कळत नाही.

ही उणीव डेटाची कामं वेळापत्रकाने चालवणाऱ्या एअरफ्लो या सॉफ्टवेअरने भरून काढली, आणि घोळही तिथूनच सुरू झाला. घरं भाड्याने देणाऱ्या एका संकेतस्थळाच्या कंपनीत २०१४ मध्ये हे काम सुरू झालं आणि २०१५ मध्ये खुलं झालं. त्यात प्रत्येक रनला एक तारीख चिकटवली होती, तिचं नाव एक्झिक्युशन डेट. नाव वाचून कुणालाही वाटेल की रन चालला तीच ही तारीख. प्रत्यक्षात ती रनने सांभाळायच्या कालखंडाची सुरुवात होती. १ मार्चचा डेटा पूर्ण होतो २ मार्च उजाडल्यावर. म्हणून रोजचा रन २ तारखेला चालायचा आणि त्याच्यावर लेबल असायचं १ मार्चचं. मासिक वेळापत्रकात १ फेब्रुवारीच्या लेबलाचा रन १ मार्चला सुटायचा.

कल्पना अगदी योग्य होती, हे ठासून सांगायला हवं. लेबल डेटाच्या कालखंडाला बांधलेलं असल्यामुळे तोच रन सहा महिन्यांनी पुन्हा चालवला तरी तो त्याच दिवसाचा डेटा उचलतो. दोन तारखा दिल्या की मधल्या प्रत्येक कालखंडासाठी रन तयार करता येतो. बॅकफिल, म्हणजे मागच्या तारखांचे रन मुद्दाम चालवणं, उभं आहे ते यावरच. चूक होती ती नावात, आणि नावातली चूक एकेका रनपुरती सहन होते. शंभर रन एकदम हाताळायला गेलं की ती महागात पडते. १ ते ७ तारखेला चाललेले रोजचे रन काढायचे म्हणून तोच आकडा फिल्टरमध्ये घातला, तर हाती लागायचे २ ते ८ ला चाललेले. एका टोकाला नको तो रन आत यायचा, दुसऱ्या टोकाला हवा तो निसटायचा.

त्यात ‘क्लिअर’ या शब्दाची भर पडली. ऐकणाऱ्याला तो पुसून टाकणं वाटतो, पण एअरफ्लोमध्ये क्लिअर केलेला टास्क, म्हणजे रनमधली एक पायरी, पुन्हा चालायला लागतो. साफसफाई करायला बसलेल्या माणसाच्या हातून महिन्याभराचं काम परत सुरू व्हायला हा एक शब्द पुरेसा आहे.

कॅचअपचा, म्हणजे मागचे राहिलेले रन आपोआप चालवण्याचा, वाद याच मुळाचा. सुरुवातीची तारीख वर्षभर मागची ठेवून रोजचा डॅग (एकमेकांना जोडलेल्या टास्कची मालिका) चालू केला की आधीचे सगळे रन एकामागून एक सुटायला लागत. दर तासाचा असेल तर ८,७६० रन. एका वेळी १६ ही मूळ मर्यादा होती, म्हणून पूर एकदम यायचा नाही, पण दिवसेंदिवस ओसरायचाही नाही. माझ्या मते ही सोय मागितल्यावर मिळायला हवी होती, न मागता नाही. तो बदल व्हायला २०२५ साल आणि ३.० ही आवृत्ती उजाडावी लागली. बॅकफिलही तेव्हाच शेड्यूलरच्या, म्हणजे रन सोडणाऱ्या एअरफ्लोच्या भागाच्या, ताब्यात आलं. त्याआधी ते टर्मिनलवरच्या आदेशातून चालायचं आणि कनेक्शन तुटलं की अर्ध्यावर राहायचं.

कोडच्या बाजूला तारखेचा प्रश्न नव्हता. २०१९ च्या नोव्हेंबरात सर्वांसाठी खुल्या झालेल्या, कोड बदलला की ठरवलेली कामं आपोआप चालवणाऱ्या गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये रन कमिटला (कोडच्या नोंदवलेल्या एका स्थितीला) बांधलेला असतो आणि पुन्हा चालवला तरी तेच कमिट घेतो. तिथे त्रास ढिगाचा होता. लागोपाठ पुश केले, म्हणजे कोडमधले बदल सर्व्हरवर पाठवले, की कालबाह्य रन रांगेत साचत. २०२१ मध्ये नवा रन आल्यावर जुना आपोआप रद्द करायची सोय आली, २०२२ मध्ये फक्त फेल झालेले जॉब परत चालवता येऊ लागले. डिलीट करणं मात्र स्क्रीनवरून एकेक. काढून टाकलेल्या वर्कफ्लोचं (ठरवून दिलेल्या कामांच्या मालिकेचं) नाव त्याचे सगळे रन जाईपर्यंत यादीत राहतं, म्हणून लोक कमांड लाइनवर लूप लिहितात. यादीचा आदेश वेगळा आकडा दिला नाही तर फक्त २० रन दाखवतो, त्यामुळे लूप संपला तरी ढीग उरलेलाच असतो.

एअरफ्लोने २०२१ मध्ये, २.२ आवृत्तीत, जुनं नाव मोडीत काढायला घेतलं. लॉजिकल डेट आली, कालखंडाची सुरुवात आणि शेवट वेगवेगळे मिळू लागले, टास्कची नोंद तारखेऐवजी रनच्या आयडीला जोडली गेली. ३.० मध्ये एक्झिक्युशन डेट पूर्ण गेली. त्याच आवृत्तीत क्रॉनच्या वेळापत्रकाचं मूळ वर्तनही बदललं: सेटिंग बदललं नाही, तर आता लेबल म्हणजे रन सुटायची वेळच. अपग्रेडच्या आधीचे रन मात्र जुन्याच लेबलांनी टेबलात बसलेले आहेत. अपग्रेडच्या दोन्ही बाजूंचे रोजचे रन चालल्याच्या तारखेवरून एका फिल्टरने निवडायचे असतील, तर जुन्या बाजूला एक दिवस वजा करूनच हिशेब जुळतो.