सुरात दडलेलं व्यंजन

व्हिएतनामी शिकायची तर गाता गळा हवा, असं अनेकांना वाटतं. पण तिथली लहान मुलं, सुरेल असोत वा बेसूर, ही भाषा बिनचूक बोलतात. कारण तिथे ठरावीक पट्टीतला सूर लावायचा नसतो. बोलणाऱ्याचा स्वतःचा आवाज चढतो, उतरतो की घशात दाबला जातो, एवढंच पाहिलं जातं.

'कॅओ' हे क्रियापद घ्या. चढत्या सुरात म्हटलं की अर्थ 'ओढणे'. त्याला काळ, लिंग, वचनाचे प्रत्यय लागत नाहीत, अर्थ ठरतो शेजारच्या शब्दांवरून. 'कॅओ को' म्हणजे रस्सीखेच. व्हिएतनाम, कंबोडिया, फिलिपिन्स आणि दक्षिण कोरिया यांच्या रस्सीखेचीच्या परंपरा 2015 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आल्या. झेंडा वर चढवणं, जाळं ओढणं, व्हायोलिनवर गज फिरवणं, सगळं कॅओ. बैठक लांबली तरी कॅओ, आणि माणसं घोळक्याने निघाली तरी कॅओ. आपल्याकडे ढग दाटून येतात, तिथे ते 'ओढत' येतात. फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात, 1954 च्या सुरुवातीला, दिएन बिएन फूच्या डोंगरांत व्हिएतनामी सैनिकांनी दोरखंड लावून तोफा हातांनी चढवल्या, त्यालाही 'कॅओ फाओ' म्हणजे तोफा ओढणे असंच म्हणतात.

आता सूर बदला. सपाट सुरात डिंक, उतरत्या सुरात छपराचा वासा, घशात दाबून तोडलेल्या सुरात गोळी-चॉकलेटसारखी मिठाई. रस्त्यावर साखरेचा पाक ताणून, आत शेंगदाणे घालून विकतात, त्या मिठाईचं नावच 'कॅओ कॅओ': पहिला दाबलेला, दुसरा चढता. ओढलेली मिठाई!

हे सूर आले कुठून? याचं उत्तर मला भाषाविज्ञानातल्या सर्वांत देखण्या उत्तरांपैकी वाटतं. आंद्रे-जॉर्ज ओद्रिकूर या फ्रेंच अभ्यासकाने ते 1954 मध्येच मांडलं. व्हिएतनामी ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातली, म्हणजे आपल्या मेळघाटातल्या कोरकूची दूरची नातलग. लाओसच्या डोंगरांतल्या खमू भाषेत मासा म्हणजे 'का', पण शेवटी गळा झटकन बंद करून. व्हिएतनामीतही मासा 'का'च, मात्र गळा बंद होत नाही, सूर चढतो. गळा बंद करायच्या तयारीत स्वरतंतू ताणले जातात आणि आवाज आपोआप चढतो. पुढे बंद करणं गळून पडलं, चढ तेवढा उरला. शेवटी 'स' किंवा 'ह' असलेल्या शब्दांत स्वरतंतू सैलावतात. तिथे उतार उरला. शेवटी यातलं काहीच नसेल तर सूर सपाट. झाले तीन.

पण प्रमाण व्हिएतनामीत सूर सहा आहेत. तीनाचे सहा कसे झाले? 'काल' आणि 'गाल' म्हणा. यंत्रावर मोजलं तर 'ग' नंतरचा 'आ' साधारणपणे किंचित खालच्या सुरात सुरू होतो. 'ग' म्हणताना स्वरतंतू थरथरत राहायला हवेत, म्हणून स्वरयंत्र थोडं खाली सरकतं आणि ताण कमी होतो. 'क' ला ती थरथर थांबवावी लागते, म्हणून ताण वाढतो. मराठीत हा फरक कानाआड जातो, कारण 'क' आणि 'ग' आपण अजून वेगळे ठेवले आहेत. व्हिएतनामीत तसली सघोष आणि अघोष व्यंजनं एकमेकांत मिसळली आणि शब्द वेगळे ओळखायला सुराची ती पातळीच हाताशी उरली. तीन सूर, प्रत्येकाच्या वरच्या-खालच्या दोन पातळ्या, म्हणून सहा. ओद्रिकूरच्या मते बाराव्या शतकापर्यंत हे पुरं झालं होतं. 1651 मध्ये रोममध्ये छापलेल्या अलेक्सांद्र द रोद या ख्रिस्ती धर्मप्रसारकाच्या व्हिएतनामी शब्दकोशात सहाही सूर खुणांनिशी नोंदलेले आहेत.

एक गोष्ट मात्र बजावून सांगायला हवी. व्हिएतनामीत कात्रीलाही 'कॅओ'च म्हणतात, सूरही तोच चढता. म्हणून ओढण्यातून कात्री निघाली असं कुणी म्हणेल, पण कात्रीचा शब्द चिनीतून आलेला मानला जातो. दोन शब्द कानाला सारखे लागले एवढ्यावर नातं जुळत नाही. त्यासाठी शेकडो शब्दांत तोच बदल नियमाने झालेला दाखवावा लागतो. जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या असं सांगणारे मोबाइलवरचे संदेश नेमकी हीच पायरी गाळतात.

व्यंजन हरवून सूर जन्मायची गोष्ट आपल्या देशातही घडली आहे. पंजाबी माणूस 'घोडा' म्हणतो तेव्हा सुरुवातीला 'क' ऐकू येतो आणि सूर खाली जातो. चढ्या सुरातला 'कोडा' म्हणजे कुष्ठरोगी, सपाट सुरातला म्हणजे चाबूक. गुरुमुखीत घोड्याचा 'घ' आजही लिहितात.