लोह ऑक्साइड नॅनोकण : एमआरआयमधील कॉन्ट्रास्ट द्रव्य

लोह ऑक्साइड नॅनोकण हे एमआरआय तपासणीत निरोगी आणि विकृत ऊतींमधील फरक ठळक करण्यासाठी बहुधा शिरेतून दिले जाणारे कॉन्ट्रास्ट द्रव्य आहे. मॅग्नेटाइट किंवा मॅगहेमाइट या ऑक्साइडांचे काही नॅनोमीटर व्यासाचे स्फटिक हा त्याचा गाभा असून, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्याभोवती डेक्स्ट्रानसारख्या बहुशर्करेचे कवच असते.

इतक्या लहान आकारात संपूर्ण स्फटिक हाच एक चुंबकीय प्रदेश असतो आणि शरीराच्या तापमानाला त्याच्या चुंबकनाची दिशा सतत पालटत राहते. त्यामुळे बाहेरचे चुंबकीय क्षेत्र नसताना कणांचे एकूण चुंबकत्व शून्य असते, यंत्राच्या क्षेत्रात ते प्रबळ होते आणि रुग्ण बाहेर आला की पुन्हा नाहीसे होते. या गुणधर्माला अतिसमचुंबकत्व म्हणतात. तो नसता, तर रक्तात सोडलेले कण परस्परांना ओढून साकळले असते. कणाभोवतीचे क्षेत्र असमान असल्याने जवळच्या पाण्यातील प्रोटॉनांचा, म्हणजे एमआरआयला संदेश देणाऱ्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा, ताळमेळ लवकर मोडतो, टी-२ हा शिथिलन काल (हा ताळमेळ टिकण्याचा काळ) घटतो आणि ती जागा प्रतिमेत काळी पडते. १९८८ पासून वापरात असलेली गॅडोलिनियम या धातूची कॉन्ट्रास्ट संयुगे याउलट मुख्यतः टी-१ काल (प्रोटॉनांना क्षेत्राच्या दिशेत परतायला लागणारा काळ) घटवून जागा उजळवतात.

कण कोठे साचतील हे चुंबकत्वावर नव्हे, तर त्यांना कोणत्या पेशी गिळतात यावर ठरते, आणि या द्रव्याची खरी उपयुक्तता तेथेच आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले फेरुमॉक्साइड याचे उत्तम उदाहरण होय. कवचासह सुमारे १२० ते १८० नॅनोमीटरचे हे कण रक्तात फार काळ टिकत नाहीत. यकृतातील कुप्फर पेशी त्यांपैकी बहुतेकांना परकी वस्तू समजून गिळतात. निरोगी यकृत त्यामुळे काळवंडते, तर कुप्फर पेशी नसलेली कर्करोगाची गाठ पूर्वीसारखीच उजळ राहून उठून दिसते. मात्रा वजनाच्या दर किलोग्रॅममागे ०.५६ मिलिग्रॅम लोह इतकी असे. ती डेक्स्ट्रोजच्या द्रावणात मिसळून सुमारे अर्धा तास सावकाश द्यावी लागे आणि काही रुग्णांची पाठ त्या वेळी दुखू लागे. पुढे यकृतासाठीच बनवलेले, एकदम टोचून त्याच बैठकीत प्रतिमा देणारे गॅडोलिनियमचे संयुग आल्यावर हे द्रव्य मागे पडले व त्याचे उत्पादन थांबले. काळ्या डागाचा अर्थ लावणे कठीण, हीही त्याची अडचण होतीच. जुना रक्तस्राव, कॅल्शियमचे साठे आणि हवा यांचेही डाग काळेच दिसतात.

पन्नास नॅनोमीटरपेक्षा लहान कण रक्तात अधिक काळ फिरतात आणि लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचतात. निरोगी ग्रंथीतील महाभक्षी पेशी त्यांना गिळत असल्याने ती काळी होते, तर कर्करोगाने व्यापलेला भाग उजळच राहतो. पुरस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगात फेरुमॉक्सट्रान-१० हे अशा लहान कणांचे द्रव्य वापरून आकाराने न वाढलेल्या लसीका ग्रंथींतील प्रसारही ओळखता येतो, असे २००३ मधील एका गाजलेल्या अभ्यासात दिसून आले. तरीही या द्रव्याला व्यापक बाजारपेठ लाभली नाही.

कणांतील लोह कालांतराने सुटे होऊन शरीराच्या लोहसाठ्यात मिसळते व हिमोग्लोबिनसाठी वापरले जाते. म्हणूनच फेरुमॉक्सिटॉल या द्रव्याला २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती दीर्घकालीन मूत्रपिंडविकारातील रक्तक्षयावरील औषध म्हणून. गॅडोलिनियम आणि त्वचा व अवयव घट्ट करणारा एक गंभीर विकार यांचा संबंध २००६ मध्ये पुढे आल्यानंतर, मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तवाहिन्या पाहण्यासाठी काही केंद्रे तेच औषध वापरू लागली. मात्र ते सरसकट निर्धोक नाही : तीव्र ॲलर्जीने झालेल्या मृत्यूंमुळे २०१५ मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापणे बंधनकारक झाले.

हॅम्बुर्ग येथील ग्लाइख आणि वाइत्सेनेकर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या चुंबकीय कण प्रतिमांकन या वेगळ्या तंत्रात प्रोटॉनांऐवजी थेट कणांचाच संदेश टिपला जातो. ऊतींचा स्वतःचा संदेश नसल्याने त्यात पार्श्वभूमी कोरी राहते. परिणामी कण नेमके कोणत्या अवयवात आहेत हे कळण्यासाठी सीटी किंवा एमआरआयची प्रतिमा सोबत जुळवून पाहावी लागते.