आर्टहाउस वेगळं, स्वतंत्र साखळी वेगळी

पुण्यात पिफ (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आला की सिटीप्राइड कोथरूडच्या आवारात कुणीतरी हळहळतंच, ‘एवढं चांगलं आर्ट थिएटर, पण एरवी हेसुद्धा मसालापटच लावतात!’ अहो, ते आर्ट थिएटर होतं कधी? पुण्यातल्याच मालकांची मल्टिप्लेक्स साखळी आहे ती. महोत्सवाचे दिवस सोडले तर तिथे इतरांसारखेच पिक्चर लागणार.

आर्टहाउस म्हणजे गल्ल्याकडे न बघता कलात्मक, जुने पिक्चर दाखवणारं थिएटर, हे फिल्म सोसायटीत वाढलेल्यांना सांगायला नको. न्यूयॉर्कचं फिल्म फोरम 1970 पासून चालू आहे. चार पडदे, ना-नफा संस्था. पाठीशी देणगीदार आणि सभासद, त्यामुळे एखादा जुना पिक्चर तोट्यात गेला तरी निभतं.

स्वतंत्र साखळीला विचारायचा प्रश्न एकच: मालक कोण? मालक पिक्चर बनवणारा बडा स्टुडिओ नसला, की ती स्वतंत्र. पडद्यावर काय लागलंय याच्याशी स्वतंत्र असण्याचा काही संबंध नाही, आणि नेमकं हेच डोक्यात शिरत नाही.

अमेरिकेतलं अलामो ड्राफ्टहाउस बघा. टिम आणि कॅरी लीग या नवरा-बायकोने 1997 साली टेक्सासमधल्या ऑस्टिनला एकपडदा थिएटर काढलं. आधी इतरत्र चालून उतरलेले पिक्चर लावायचे. प्रत्येक रांगेपुढे अरुंद टेबल. पूर्वी कागदावर ऑर्डर लिहून तो उभा करून ठेवायचा, मग वेटर वाकून यायचा आणि घेऊन जायचा. बोललात किंवा फोन काढलात तर एक ताकीद मिळायची, मग थेट बाहेर. पैसे परत नाहीत. (हा नियम आपल्याकडे आजच्या आज आणा. अंधारात तळणीचा वास मात्र त्यांचा त्यांनाच लखलाभ.)

थिएटरं वाढली, सुपरहिरोपट येऊ लागले, आणि ‘अलामोने तत्त्वं विकली’ अशी ओरड सुरू झाली. ओरडणाऱ्यांनी गल्ल्याचा हिशेब कधी मांडलाय? 2017 मध्ये ‘द लास्ट जेडाय’ या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या पिक्चरसाठी डिस्नेने अमेरिकेतल्या थिएटरांकडे तिकीटविक्रीतला सुमारे 65 टक्के वाटा मागितला. वर अट अशी, की सर्वांत मोठा पडदा चार आठवडे याच पिक्चरला द्यायचा. उरलेल्या पैशात जागेचं भाडं, पगार, वीज. नाही म्हणावं तर गिऱ्हाईक पलीकडच्या थिएटरात जातं. खरी कमाई खाण्यापिण्यात, आणि स्वयंपाकघर चालायचं तर खुर्च्या भरायला हव्यात. देणगीदार नसलेला मालक मोठा पिक्चर लावतो ती फितुरी नव्हे, पोटापाण्याची सोय आहे. कोरोनात थिएटरं बंद पडली, देणी थांबली नाहीत. मार्च 2021 मध्ये अलामोला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

आता उलटी चूक. जून 2024 मध्ये 35 थिएटरांची ही साखळी सोनी पिक्चर्सने विकत घेतली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1948 च्या मक्तेदारीविरोधी निकालानंतर हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंना आपापली थिएटरं विकावी लागली होती. ते निर्बंध न्यायालयाने 2020 मध्ये उठवले, त्यानंतरचा हा सौदा. विकल्यावरही तिथे जुने, चक्रम भयपट लागतात, म्हणून चाहते अजून तिला स्वतंत्रच म्हणतात. कशी काय? डिस्नेचा पिक्चर किती आठवडे ठेवायचा आणि कुठल्या पडद्यावर, हे ठरवणारं थिएटर आता डिस्नेच्याच स्पर्धकाच्या मालकीचं आहे.