प्रकाशनसूची आणि संदर्भप्रभाव (अनेक विद्याशाखांतील)

संशोधकाने आजवर काय प्रसिद्ध केले आणि इतरांनी त्याचा आधार किती वेळा घेतला, याची नोंद म्हणजे प्रकाशनसूची व संदर्भप्रभाव. महाविद्यालयांत याला सरसकट ‘सायटेशन’ म्हणतात. एका लेखाच्या संदर्भयादीत दुसऱ्या लेखाचा उल्लेख आला की त्या दुसऱ्याच्या खात्यावर एक सायटेशन जमा होते. या मोजणीला पद्धतशीर रूप दिले ते यूजीन गारफिल्ड यांच्या सायन्स सायटेशन इंडेक्सने (१९६४). लेख आणि त्यांची सायटेशन नोंदवणारी स्कोपस ही माहितीपेढी आणि गूगल स्कॉलर हे लेखांचे शोधयंत्र २००४ मध्ये आले.

सर्वाधिक विचारला जाणारा आकडा एच-इंडेक्सचा. तो भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये मांडला. लेख सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि सायटेशन क्रमांकाइतके किंवा त्याहून जास्त असतील तिथवर खाली यायचे. समजा आठ लेखांना ४२, १८, ११, ७, ५, ५, २, ० अशी सायटेशन आहेत. पाचव्या लेखाला ५ आहेत, सहाव्याला ६ हवीत पण ५ च आहेत. म्हणून एच-इंडेक्स ५. किमान १० सायटेशनचे लेख तीन, म्हणून आय-१० इंडेक्स ३. पहिल्या लेखाची ४२ ची ४२० झाली तरी एच-इंडेक्स जागचा हलत नाही.

विषय बदलला की हेच आकडे फसवे ठरतात, आणि नाशिकमध्ये ते चटकन दिसते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९), महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८), चितेगाव फाट्यावरचे कांद्याचे संशोधन आणि पांडवलेण्यांचे शिलालेख, सगळे एकाच परिसरात. वैद्यकीय लेखाची संदर्भयादी लांब, लेखक पाच-सहा, आणि सायटेशन दोन-तीन वर्षांत येऊ लागतात. गणितात यादी आखूड असते आणि वाट लांब. सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या प्राकृत शिलालेखावर काम करणारा अभ्यासक बहुधा एकटा लिहितो, लेखाऐवजी ग्रंथ लिहितो. त्याचा आधार मराठी पुस्तकाच्या तळटीपेत घेतला जातो आणि ती तळटीप स्कोपसपर्यंत पोहोचतच नाही. त्याचा ४ हा एच-इंडेक्स आणि वैद्यकातल्या संशोधकाचा १५ शेजारी ठेवून निवड करणे हा सरळ अन्याय आहे. ॲग्रीफाउंड लाइट रेडसारखा कांद्याचा वाण शेतकऱ्यांच्या वावरात रुजतो, पण त्या पेरणीची नोंद कोणत्याही संदर्भयादीत होत नाही.

दोन-तीन शाखांत लिहिणाऱ्याची यादी म्हणूनच आधी विषयवार वेगळी करावी. मग प्रत्येक लेखाची तुलना त्याच विषयाच्या, त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या लेखांशी करावी. स्कोपसमधील क्षेत्र-भारित निर्देशांक हेच करतो: १.०० म्हणजे जागतिक सरासरी, १.५० म्हणजे तिच्याहून ५० टक्के जास्त. मात्र लेख दहा-बाराच असतील तर एखादाच गाजलेला लेख सगळी सरासरी वर ओढतो. तिथे निर्देशांकापेक्षा लेख वाचणे बरे.

चुका बहुतेक नावातून होतात. आपल्याकडे आडनाव कधी आधी, कधी शेवटी. वडिलांचे नाव कधी पूर्ण, कधी आद्याक्षर. लग्नानंतर आडनाव बदलते. त्यामुळे एकाच व्यक्तीची स्कोपसमध्ये दोन खाती होतात आणि एच-इंडेक्स विभागला जातो. उलट गूगल स्कॉलर ‘एस. पाटील’ नावाचे परक्याचे लेखही आपल्या खात्यात ओढतो. यावर उपाय असे: संशोधकाची कायमची ओळख ठरणारा १६ अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांक घेऊन प्रत्येक लेखाला जोडावा, नाव कायम एकाच पद्धतीने छापावे, स्कॉलरमधील आपोआप भर बंद करून प्रत्येक लेख स्वतः मंजूर करावा, एकाच लेखाच्या दुहेरी नोंदी एकत्र कराव्यात. स्कोपसची दोन खाती जोडण्यासाठी त्यांच्याकडे विनंती पाठवावी लागते.

अर्जात आकड्यापुढे स्रोत आणि तारीख लिहावी. स्कॉलर प्रबंध आणि पूर्वमुद्रितेही (नियतकालिकात छापण्याआधी खुले केलेले लेख) मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा स्कोपसपेक्षा सहसा मोठा असतो. आत्मसंदर्भ, म्हणजे स्वतःच स्वतःच्या लेखांना दिलेले संदर्भ, वगळून येणारा आकडाही द्यावा. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी लेखकावर आणि संस्थेवर आली आहे.

मराठी लेखांची एक अडचण वेगळीच आहे. श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधील पीडीएफ यंत्राला अर्थहीन अक्षरांसारखी दिसते आणि तिच्यातील संदर्भ मोजलेच जात नाहीत. लेख युनिकोडमध्ये छापून घ्यावा, सोबत इंग्रजी शीर्षक व सारांश द्यावा आणि संदर्भयादीतील मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीतही लिहावीत.