‘हॉट’चे दोन अर्थ आणि एकच प्रथिन

‘हॉट’ हे इंग्रजी विशेषण पहिलीतल्या मुलालाही येतं. शब्दकोश उघडला की मात्र त्याच्या अर्थांची रांग संपत नाही. चहा हॉट, तापट माणूस हॉट, ताजी बातमी हॉट, चोरीचा माल हॉट, वीज वाहणारी तार हॉट, किरणोत्सारी पदार्थ हाताळायची प्रयोगशाळा हॉट. आणि झणझणीत चटणी, तीही हॉट. समानार्थी शब्द पाठ करणाऱ्या मुलांना बहुधा असं सांगतात की खरा अर्थ ‘गरम’, आणि ‘तिखट’ वगैरे अर्थ नुसते लाक्षणिक. चोरीच्या मालाबद्दल हे बरोबर आहे. तिखटाबद्दल साफ चूक आहे, आणि ही चूक का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आधी एक गोष्ट: तिखट ही चव नव्हे. जिभेवरच्या रुचिकलिका गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (रश्श्यासारखी रुचकर चव) या चवी ओळखतात. आयुर्वेदाच्या षड्रसांत तिखट आहे हे खरं, पण ते वर्गीकरण अनुभवावरून केलेलं होतं, मज्जातंतू पाहून नव्हे. साधा पुरावा घरातच मिळतो. हिरव्या मिरचीचा ठेचा हाताने कालवला की बोटांची आग होते. बोटांना गोड-खारट कळत नाही, मग तिखट कसं कळतं? कारण ते कळवणारे तंतू चवीचे नसून वेदनेचे आणि उष्णतेचे आहेत, आणि ते जिभेप्रमाणे त्वचेतही आहेत.

मिरचीतल्या जहाल रेणूचं नाव कॅप्सेसिन. तो शरीरात नेमका कुठे चिकटतो, हे 1997 साली सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड ज्युलियस आणि मायकेल कॅटरिना यांच्या गटाने शोधलं. त्यांची युक्ती मला फार आवडते. उंदरांच्या संवेदी मज्जापेशींत चालू असलेल्या हजारो जनुकांच्या प्रती त्यांनी काढल्या, त्यांचे गट पाडले आणि मिरचीला अजिबात दाद न देणाऱ्या पेशींत घातल्या. मग कॅप्सेसिन सोडलं. ज्या गटातल्या पेशींत एकदम कॅल्शियम शिरलं, तो गट पुन्हा विभागला, पुन्हा तपासला, असं करत शेवटी एकच जनुक हाती लागलं. त्यापासून तयार होणाऱ्या प्रथिनाला आज टीआरपीव्ही-1 म्हणतात. मग त्यांनी मिरची बाजूला ठेवून पेशी नुसत्या तापवल्या. तापमान साधारण 43 अंश सेल्सियसच्या वर गेलं आणि तेच प्रथिन उघडलं!

43 हा आकडा सोलापूरकरांना सांगायला नको. मे महिन्यात पारा तिथवर आणि त्याच्याही पुढे जातोच. पण हवा 43 अंशांवर गेली म्हणून आपली त्वचा तितकी तापत नाही, घाम तिला थंड ठेवतो. उन्हात उभ्या केलेल्या दुचाकीच्या सीटवर बसताच मात्र चटका बसतो, आणि तो कळवणाऱ्यांत हे प्रथिन असतंच.

आता ते उघडतं कसं, ते पाहू. पेशीच्या आवरणात या प्रथिनाचे चार सारखे घटक गोलाकार बसलेले असतात. प्रत्येक घटक ते आवरण सहा वेळा ओलांडतो आणि मधोमध एक बारीक वाट राहते. आवरण स्निग्ध रेणूंचं, कॅप्सेसिनही तेलात विरघळणारं. त्यामुळे ते आवरणात शिरतं, तिथूनच प्रथिनाच्या खाचेत शेपूट वर, डोकं खाली असं बसतं आणि चौथ्या व पाचव्या ओलांडणीला जोडणारा दुवा खेचून धरतं. वाट उघडते, सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतात, तंतूतून विद्युत संदेश सुटतो. उष्णतेच्या वेळी असा कुठलाच रेणू नसतो, प्रथिनाची घडीच तापमानामुळे बदलते. सामान्य जैवरासायनिक क्रियांचा वेग 10 अंश वाढले की दुप्पट-तिप्पट होतो, या वाटेचं उघडणं वीसपटीच्या घरात वाढतं. म्हणून चटका हळूहळू न लागता एकदम बसतो. मेंदूला मात्र फक्त संदेश पोचतो, वाट कशाने उघडली हे त्यात लिहिलेलं नसतं. ‘भाजलं’ एवढाच अर्थ लागतो, म्हणून घाम फुटतो आणि चेहरा लाल होतो. जिभेची आग झाली, तोंड पोळलं, असं आपण म्हणतो ते अक्षरशः त्या तंतूचं म्हणणं आहे.

शिवाय कॅप्सेसिन असताना उघडण्याची मर्यादा 43 वरून खाली घसरते. मग शरीराचे 37 अंशही जाळू लागतात, आणि चटणीनंतरचा कढत चहा असह्य होतो. अशा वेळी पाण्याचा उपयोग नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दूध, दही, तेल उपयोगी पडतं. आपल्याकडे कडक भाकरीबरोबर शेंगाचटणीवर दही किंवा तेल घेतात, ते रसायनशास्त्राला धरूनच आहे. उखळात कुटताना दाण्यांना सुटलेलं तेलही तिखटाचा थोडा भार उचलतं. पोपटाला यातलं काहीच लागत नाही. पक्ष्यांचं हे प्रथिन उष्णतेला उघडतं, मिरचीला नाही. मिरचीच्या बिया दूरवर पसरवण्याचं काम त्यामुळेच त्यांच्याकडे आलं.

आम्लानेही हीच वाट उघडते. म्हणजे लिंबू आणि मिरची दोन्ही एकाच प्रथिनावर काम करतात, पण त्यासाठी त्यांचा रस तंतूपर्यंत पोचावा लागतो. दुकानाच्या दाराला टांगलेली लिंबू-मिरची कुणाच्याही तंतूपर्यंत पोचत नाही, आणि नजर लागण्याला तर कसलाच आधार नाही. ‘तिखट खा, चरबी जाळा’ या जाहिरातींनाही फसू नका. आग जाणवली म्हणजे चरबी जळाली असं होत नाही.

टीआरपीव्ही-1च्या शोधासाठी ज्युलियस यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, स्पर्श कळवणारी प्रथिनं शोधणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह. कॅप्सेसिनचा मारा सतत झाला की तंतू बधिर होतात. नागिणीनंतर मागे राहणाऱ्या वेदनेवर कॅप्सेसिनची पट्टी लावतात ती याच आधारावर. याउलट, वाट बंदच करून टाकणारी वेदनाशामकं माणसांवर तपासली तेव्हा काहींच्या शरीराचं तापमान वाढलं. म्हणजे हे प्रथिन नुसता चटका कळवत नाही, शरीराचं तापमान सांभाळण्यातही त्याचा हात आहे. आता वेदना थांबवणारं पण ताप न चढवणारं औषध शोधणं चालू आहे.