विधान व गृहीतक

तर्कक्षमता चाचण्यांतील एक प्रश्नप्रकार. युक्तिवादात उघड न मांडलेले, पण निष्कर्ष ज्यावर उभा आहे असे विधान त्यात ओळखायचे असते. उदा., ‘ठाणे–वाशी लोकलच्या फेऱ्या वाढवल्या, की ठाणे–बेलापूर रस्त्यावरील मोटारींची गर्दी कमी होईल.’ त्या रस्त्याने मोटारीतून जाणारे काही जण तरी लोकलकडे वळतील, हे येथील आवश्यक गृहीतक. ते नाकारले, तर फेऱ्या आणि गर्दी यांना जोडणारा दुवाच उरत नाही. ‘निम्मे मोटारचालक मोटार घरी ठेवतील’ हा पर्याय मात्र गरजेपेक्षा जास्त मागतो. परीक्षार्थी बहुधा अशाच पर्यायावर फसतात.

या विचाराचे मूळ ॲरिस्टॉटलच्या ‘एन्थिमीम’मध्ये दाखवले जाते. मात्र ‘एक आधारविधान गाळलेले अनुमान’ ही त्याची व्याख्या उत्तरकालीन असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ॲरिस्टॉटलचा भर संभाव्यता व चिन्हे यांवर आहे. भारतीय परंपरेत याच्या सर्वांत जवळचे प्रमाण (ज्ञानाचे साधन) म्हणजे मीमांसा दर्शनाच्या अनुयायांची, म्हणजे मीमांसकांची, अर्थापत्ती: दिसणारी गोष्ट एरवी जुळत नाही, म्हणून न दिसणारी गोष्ट मानणे. जिवंत देवदत्त घरी नाही, अर्थात तो बाहेर असला पाहिजे, हे उदाहरण मीमांसासूत्रांवरील शबरभाष्यात येते (काळ अनिश्चित; साधारणतः इ. स. चौथे ते सहावे शतक). ‘पुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही’ या वाक्यात मीमांसक कुमारिल भट्ट (सु. सातवे शतक) ‘रात्री जेवतो’ हे वाक्यच अध्याहृत मानतात. मीमांसेतील प्रभाकराच्या अनुयायांना, म्हणजे प्राभाकरांना, ही श्रुतार्थापत्ती (ऐकलेल्या वाक्यावरून केलेली अर्थापत्ती) मान्य नाही, तर न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, अर्थापत्तीचा समावेश अनुमानातच करतात. गृहीतक नाकारून पाहण्याची कसोटी आणि मीमांसकांची ‘अन्यथानुपपत्ती’ (एरवी न जुळणे) यांत साम्य ठळक आहे. तरी अर्थापत्तीत पुष्टपणा ही निश्चित वस्तुस्थिती असते आणि चाचणीतला निष्कर्ष हा केवळ दावा असतो. त्यामुळे हे साम्यच समजावे, वंशसंबंध नव्हे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाने 2011 मध्ये पूर्वपरीक्षेत ‘सीसॅट’ हा अभियोग्यता चाचणीचा पेपर आणल्यावर अशा प्रश्नांचे महत्त्व वाढले. 2015 पासून तो पेपर 33 टक्के गुणांचा पात्रता पेपर आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही 2013 मध्ये पूर्वपरीक्षेत सीसॅट आणला. ठाण्यात महानगरपालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था या परीक्षांची तयारी करून घेते. बँक परीक्षांत ‘निहित’ची (विधानात गृहीतक दडलेले आहे का, याची) कसोटी सैल असते: ‘फलाटाच्या कडेला उभे राहू नका’ या सूचनेत ‘प्रवासी सूचना ऐकतील’ हे निहित धरतात.