कोर्ट फी आणि वकील फी: कोणता पैसा कोणाच्या नजरेखाली?

आमच्या ओळखीचे एक काका आहेत. वाटपाच्या दाव्याचा विषय निघाला की ते हमखास सांगतात, "कोर्टाची फीच चाळीस हजार भरली हो." कागद पाहायला मागितले तेव्हा दाव्यावर लावलेली कोर्ट फी काही शे रुपयांची निघाली. बाकीचे पैसे गेले होते वकिलांच्या फीत, टायपिंगमध्ये, नकलांमध्ये आणि कशाकशात. काका खोटं बोलत नव्हते. त्यांच्या मनात कोर्टाच्या पायरीवर खर्च झालेला प्रत्येक रुपया 'कोर्टाची फी' होता. बहुतेक पक्षकारांचं असंच होतं आणि त्यात त्यांचं नुकसान आहे. या दोन फियांचा कायदा वेगळा, खिसा वेगळा, तक्रार करायची जागा वेगळी.

कोर्ट फी म्हणजे दिवाणी न्याय चालवण्यासाठी राज्य सरकार घेतं ते शुल्क. सर्वोच्च न्यायालय सोडून बाकी सगळ्या न्यायालयांतली फी ठरवणं हा राज्यघटनेनुसार राज्यांच्या यादीतला विषय आहे. म्हणून महाराष्ट्राचा तक्ता निराळा आणि गोव्याचा निराळा. आपल्याकडे त्यासाठी १९५९ चा कायदा आहे. दाव्याच्या मूल्यानुसार फी वाढत जाते, पण तिला कमाल मर्यादा आहे. २०१८ च्या जानेवारीपर्यंत ही मर्यादा ३ लाख रुपये होती, तेव्हापासून ती १० लाख झाली. दावा दोन कोटींचा असो की दोनशे कोटींचा, त्याच्या वर फी जात नाही.

मग काकांच्या जमिनीची बाजारात किंमत लाखांत असताना कोर्ट फी एवढीशी कशी? इथेच खरी गंमत आहे. 'मूल्य' म्हणजे दरवेळी बाजारभाव नव्हे. शेतजमिनीच्या दाव्यांत ते बहुतेकदा शेतसाऱ्याच्या आकारणीच्या पटीत धरतात. सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून जी रुपये-पैशांची किरकोळ रक्कम दिसते, ती. तिची कितीही पट केली तरी बाजारभावाच्या जवळपासही पोचत नाही. फ्लॅटच्या किंवा पैशांच्या वसुलीच्या दाव्यात मात्र हा हिशेब चालत नाही. तिथे कोर्ट फी खरोखर जड जाते आणि लोक वकिलांना "मूल्य जरा कमी दाखवा ना" म्हणून गळ घालतात. दाखवलेलं मूल्य कमी आहे असं न्यायालयाला वाटलं तर ते दुरुस्त करायला आणि उरलेली फी भरायला सांगतं. ठरलेल्या मुदतीत भरली नाही, तर दावा सुरुवातीलाच फेटाळला जाऊ शकतो.

या फीवर सरकारची नजर किती बारीक, ते तिच्या तिकिटावरूनच कळतं. जुन्या पद्धतीत कोर्ट फीचं तिकीट कागदाला चिकटवायचं आणि कारकून त्यावरच्या चित्राला भोक पाडून ते रद्द करायचा, म्हणजे तेच तिकीट पुन्हा कुणी वापरू नये. तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणानंतर कागदी मुद्रांकावरचा विश्वासच डळमळला. आता पैसे 'ग्रास' या सरकारी प्रणालीतून किंवा ई-कोर्ट्सच्या ई-पे संकेतस्थळावरून भरता येतात. पावतीवर क्रमांक येतो आणि न्यायालयात ती पावती 'डिफेस' करतात. भोक पाडायचं जुनंच काम, फक्त पडद्यावर. पैसा थेट राज्याच्या तिजोरीत जातो.

आणि तिजोरीलाही मनमानी करता येत नाही. कोर्ट फी हा कर नाही, शुल्क आहे. दिवाणी न्यायदानाच्या खर्चाशी तिचा ढोबळ का होईना संबंध असला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रास सरकारच्या एका प्रकरणात सांगितलं. सूट द्यायचा अधिकारही सरकारलाच आहे. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि वैवाहिक वादातून आलेला मालमत्तेचा तंटा, अशा प्रकरणांत स्त्री पक्षकारांना महाराष्ट्र सरकारने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ केली. आजही कित्येक बायकांना हे कुणी सांगत नाही. ज्याच्याकडे फी भरण्यापुरतेही पैसे नाहीत त्याला 'नादार' म्हणून दावा लावता येतो. ही मात्र माफी नव्हे, पुढे ढकलणं आहे. दावा जिंकला तर सरकार ती रक्कम नंतर वसूल करतं.

आता वकील फी. इथे राज्य सरकारचा तक्ता नाही, कमाल मर्यादा नाही, डिफेस करायची पावती नाही. वकिली व्यवसाय केंद्राच्या अखत्यारीत येतो. त्यावर १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आणि बार कौन्सिलचे नियम लागू होतात. फी किती घ्यायची हे पक्षकार आणि वकील यांच्या कराराचं काम आहे, आणि १९२६ पासून कायदा हा करार मान्य करतो. बार कौन्सिलच्या नियमांत फीबद्दल काही ठाम गोष्टी आहेत. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही. मिळणाऱ्या रकमेत वाटा मागायचा नाही. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवायचा. आणि एक मजेशीर नियम: ऐपतदार पक्षकाराकडून, खर्च मंजूर करताना न्यायालय नियमांतला जो तक्ता वापरतं, त्यापेक्षा कमी फी घ्यायची नाही! म्हणजे फीला तळ आहे, छत नाही.

'निकालावर फी नाही' हा नियम कागदावरच राहतो, असं न्यायालयांच्या आवारात फिरलेल्या कुणालाही माहीत असतं. अपघाताच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणांत "मिळाले तर इतके टक्के" ही बोलणी सर्रास होतात. तेलंगणातून सर्वोच्च न्यायालयात आलेलं एक प्रकरण यावर बोलकं आहे. रस्ते अपघातात नवरा गेलेल्या एका बाईकडून वकिलाने १० लाख घेतले होते, वर आणखी ३ लाखांचा धनादेश घेतला होता. तो वटला नाही म्हणून त्याने तिच्यावरच फौजदारी तक्रार केली. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने ती तक्रार रद्द केली, भरपाईच्या टक्क्यांवर फी मागणं सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे असं म्हटलं आणि वकिलांच्या फीवर कायदेशीर नियंत्रणाचा विचार सरकारने करावा असं सुचवलं. विधी आयोगाने आपल्या १३१ व्या अहवालात हेच १९८८ मध्ये सुचवलं होतं.

"वकिलाची फी कशी ठरवणार? डॉक्टरची ठरवता का?" असा प्रतिवाद हमखास येतो. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. सरकार स्वतः अशील असतं तेव्हा दर बरोबर ठरतात. महाराष्ट्रात सरकारी वकिलांच्या मोबदल्यासाठी १९८४ चे नियम आहेत. विधी सेवा प्राधिकरण मोफत कायदेशीर मदत देतं, तेव्हा पॅनेलवरच्या वकिलालाही दरपत्रकाप्रमाणे पैसे मिळतात. फी ठरवता येतच नाही असं नाही. फक्त तुम्ही-आम्ही अशील असतो तेव्हा ती कुणी ठरवत नाही, एवढंच. ही मोफत मदत स्त्रियांना उत्पन्न न पाहता मिळते, अनुसूचित जाती-जमातींनाही मिळते. महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असलेला कुणीही तिला पात्र आहे. कोर्ट फी आणि वकील फी दोन्ही एकदम भागतात अशी ही जवळपास एकच वाट आहे. नादार म्हणून परवानगी मिळाली तरी वकिलाचा प्रश्न शिल्लक राहतोच, न्यायालयाने स्वतःहून वकील नेमून दिला तर गोष्ट वेगळी.

दावा जिंकल्यावर या दोन फियांमधला फरक सगळ्यात जास्त टोचतो. हुकूमनाम्याच्या शेवटी खर्चाचा तक्ता असतो. न्यायालयाने खर्च मंजूर केला असेल, तर भरलेली कोर्ट फी त्यात पूर्ण धरतात आणि ती हरणाऱ्याकडून मिळते. वकिलाच्या रकान्यात मात्र तुम्ही प्रत्यक्ष दिलेली रक्कम येत नाही, नियमांतल्या तक्त्याप्रमाणे बसेल तेवढीच येते. तो आकडा पाहून कित्येकांना छपाईची चूक वाटते. मोठ्या व्यापारी वादांसाठी २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याने 'हरणाऱ्याने खर्च द्यावा' हे तत्त्व जरा कडक केलं आहे. घरगुती दाव्यांना मात्र त्याचा उपयोग नाही.

तडजोड झाली तरी तोच फरक. लोकअदालतीत दावा मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. न्यायालयाचा दाखला घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयातून ती घ्यायची असते. वकिलाची फी परत यायचं काही कारण नाही. त्याने त्याचं काम केलेलं असतं.

दोन्ही फियांची गल्लत वाढवायला आता संगणक आला आहे. "सगळं ऑनलाइन झालंय, सरकारचं लक्ष आहे," असं लोक म्हणतात. लक्ष आहे, पण कशावर? ई-कोर्ट्स हा केंद्राचा प्रकल्प. पहिल्या टप्प्यात सुमारे ६३९ कोटी खर्च झाले, दुसऱ्यासाठी १,६७० कोटींची तरतूद होती, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तिसऱ्यासाठी चार वर्षांकरता ७,२१० कोटी मंजूर केले. पैसा केंद्रीय विधी मंत्रालयाच्या न्याय विभागातून येतो आणि त्याचा जाब संसदेत विचारला जातो. धोरण सर्वोच्च न्यायालयाची ई-समिती ठरवते. न्यायालयांत चालणारी खटल्यांच्या नोंदींची प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात तयार झाली. यात तुम्ही भरलेल्या कोर्ट फीचा हात नाही. ती राज्याच्या तिजोरीत गेली. आणि वकील फीचा तर या सगळ्यात एक रकानाही नाही.

तरी या प्रकल्पाने नकळत एक काम केलं आहे. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की कोणत्या तारखेला काय झालं ते दिसतं: साक्ष झाली की पुढची तारीख पडली, वकील हजर नव्हते की न्यायाधीश रजेवर होते. पूर्वी गावाकडचा माणूस वकिलाच्या शब्दावर 'तारखेचे पैसे' देत असे, आज तो निदान ताडून पाहू शकतो. फीवर नियंत्रण आणण्यासाठी हे ॲप बनवलेलं नाही, पण माझ्या मते इतक्या वर्षांच्या अहवालांनी जे साधलं नाही त्यातलं थोडंसं या सोळा अक्षरांनी साधलं.

वाद झालाच तर कुठे जायचं? कोर्ट फी जास्त घेतली असेल तर त्याच न्यायालयात अर्ज करायचा. वकिलाच्या फीबद्दल ग्राहक मंचाचं दार मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केलं. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असा तो निकाल. उरतं ते महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल. गैरवर्तन सिद्ध झालं तर तिथली शिस्तपालन समिती समज देऊ शकते, सनद निलंबित किंवा रद्दही करू शकते, पण पैसे परत मिळवून देणं तिचं काम नाही. फीसाठी वकिलाने फाइल अडवून धरली असेल, तर २००० सालच्या निकालाने त्याला तो हक्क नाही हे स्पष्ट केलं आहे. फाइल परत द्यावीच लागते, फीसाठी त्याने हवं तर वेगळा दावा करावा.

पक्षकारालाही जास्तीचे पैसे परत हवे असतील तर वेगळा दिवाणी दावाच लावावा लागतो. त्या दाव्यावर कोर्ट फी लागते.